धंद्याचा फोन कामाला कसा लावावा: नागपुरातल्या छोट्या व्यावसायिकांसाठी पहिल्या पायऱ्या

मार्च लागला की नागपुरात कुलर दुरुस्त करणाऱ्याच्या फोनला उसंत नसते. आज येता का, वुडवुल बदलायचे किती घेता, मोटार जळली असेल तर किती लागतील, आणि सगळ्यात जास्त वेळा, "भाऊ, निघाले का?" माणूस स्टुलावर उभा, एका हातात पक्कड, फोन कान आणि खांद्याच्या मधे. तेवढ्यात नंदनवनच्या काकूंनी सांगितलेला पत्ता डोक्यातून निघून जातो आणि संध्याकाळी त्यांचाच फोन येतो: "काहून बापा, आले नाही तुम्ही?"

गिऱ्हाईक कमी आहे, ही या माणसाची अडचणच नाही. आलेलं काम निसटतं आणि तेच ते बोलण्यात दिवस जातो, ही अडचण आहे. घरून डबे देणाऱ्या ताई, ब्लाऊज शिवणारं बुटीक, गांधीबागेतला कापडाचा ठोक व्यापारी, हिंगणा एमआयडीसीत सुटे भाग करून देणारं वर्कशॉप, सगळ्यांचं रडगाणं थोड्याफार फरकाने हेच. म्हणून या लेखात रील कशी करावी, फॉलोअर कसे वाढवावे, यातलं काहीही नाही. खिशात आधीच असलेल्या फोनकडून रोजची कटकट कशी कमी करून घ्यायची, तेवढंच सांगतो. यातलं बहुतेक सगळं फुकट आहे.

आधी कागद, मग ॲप

कुठलंही ॲप घेण्याआधी दोन-तीन दिवस गल्ल्याजवळ एक कागद ठेवा. फोन आला की कशासाठी आला ते एका शब्दात लिहा: भाव, पत्ता, वेळ, 'झालं का', पैसे, तक्रार. पुन्हा त्याच कामाचा फोन आला की त्याच शब्दापुढे रेघ मारा.

ज्या शब्दापुढे सगळ्यात जास्त रेघा, तिथून सुरुवात करायची. डबेवाल्या ताईंकडे 'आज भाजी काय' वर निघेल. ठोक दुकानात 'माल निघाला का'. बुटीकमध्ये 'शिवून झालं का'. तिघांवरचा उपाय वेगवेगळा आहे. ताईंनी सकाळी दहाच्या आत भाजी स्टेटसला टाकली की तो फोन बंद होतो. ठोकवाल्याला बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो पाठवायची शिस्त हवी. बुटीकला ऑर्डरवर खुणा लावायची सोय हवी. शेजारच्या दुकानदाराने जे ॲप घेतलं तेच आपण घ्यायचं, या चालीने पैसे जातात आणि फोनही वाजतच राहतो.

धंद्याला वेगळा नंबर

घरचा आणि धंद्याचा नंबर एकच असेल तर रात्री साडेदहाला आत्याच्या गुड नाइटच्या खाली गिऱ्हाइकाची ऑर्डर दबते. नंबर वेगळे करा. जुना नंबर गिऱ्हाइकांच्या तोंडी असेल, बोर्डावर रंगवलेला असेल, तर तो धंद्यालाच राहू द्या आणि नवं सिम घरच्यांसाठी घ्या. बरेच जण उलटं करतात आणि मग वर्षभर लोकांना नवा नंबर सांगत बसतात.

दोन सिमच्या एकाच फोनवर साधं व्हॉट्सॲप आणि व्हॉट्सॲप बिझनेस ही दोन्ही ॲप एकत्र चालतात, प्रत्येकाला आपापला नंबर. एक नंबर मात्र एका वेळी दोन्हीकडे चालत नाही. दुकानात जुना लँडलाइन असेल तर तोही व्हॉट्सॲप बिझनेसला लावता येतो. नंबर तपासायच्या वेळी एसएमएसऐवजी कॉलचा पर्याय निवडायचा, फोनवर सहा आकडी कोड ऐकू येतो.

दुसरं सिम घेताना वेगळ्या कंपनीचं घ्या. इतवारीच्या आतल्या गल्ल्यांत, तीन मजली दुकानांच्या मधोमध, एका कंपनीची रेंज जाते तिथे दुसरीची थोडीफार मिळते. दुकानात वायफाय असेल तर राउटरसाठी येणारा छोटा यूपीएस घेऊन ठेवा, वीज गेली तरी काम अडत नाही. आणि मे महिन्यात फोन काउंटरच्या काचेवर उन्हात ठेवू नका. पारा ४५ च्या वर गेला की फोन तापून चार्जिंग थांबवतो, कधी स्वतःच बंद पडतो. पैसे आले की बोलून सांगणाऱ्या साउंडबॉक्सलाही सावली लागते.

व्हॉट्सॲप बिझनेस बसवा, पण चारच गोष्टी वापरा

हे ॲप २०१८ पासून आपल्याकडे आहे आणि वापरायला फुकट आहे. आत खूप काही आहे. पहिल्या महिन्यात चार गोष्टी पुरेत.

पहिली, प्रोफाइल. दुकानाचं नाव बोर्डावर आहे तसंच लिहा. पत्ता लिहिताना फक्त प्लॉट नंबर देऊ नका. नागपुरात कोणी प्लॉट नंबरने पोचत नाही, चौकाने पोचतं. 'बडकस चौकातून महालकडे येताना डाव्या हाताला, पहिल्या माळ्यावर' असं लिहिलं की पत्त्याचे फोन आपोआप कमी होतात. वेळ खरी लिहा. दुपारी दीड ते चार दुकान बंद असेल तर तसंच टाका, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरी, आपोआप जाणारे दोन मेसेज. नव्या गिऱ्हाइकाने पहिल्यांदा लिहिलं, किंवा जुन्याने चौदा दिवसांच्या खंडानंतर लिहिलं, की स्वागताचा मेसेज जातो. दुकान बंद असताना कोणी लिहिलं की दुसरा जातो. हे मेसेज लिहिताना लोक फार गोड होतात: 'आपल्या अमूल्य संदेशाबद्दल मनःपूर्वक आभार…' असलं कोणी वाचत नाही. कुलरवाल्याने असं लिहावं:

'नमस्कार. कुलर दुरुस्तीसाठी तीन गोष्टी पाठवा: १) पत्ता आणि जवळचा चौक, २) कुलर लोखंडी की प्लास्टिकचा, ३) काय होत आहे (पंखा फिरत नाही / पाणी चढत नाही / आवाज येतो). सकाळी अकराच्या आत लिहिलं तर त्याच दिवशी यायचा प्रयत्न करतो.'

या मेसेजमध्ये आभार नाहीत, पण तीन फोन वाचले. माणूस कामावर असतानाच माहिती जमा झाली, आणि लेखी झाली.

तिसरी, झटपट उत्तरं. रोज टाइप करावी लागणारी उत्तरं एकदा साठवून ठेवायची. नंतर चॅटमध्ये तिरपी रेघ मारून एक छोटा शब्द लिहिला की पूर्ण उत्तर समोर येतं. 'भाव' लिहिलं की दरपत्रक, 'पत्ता' लिहिलं की पत्ता आणि नकाशाची लिंक, 'खाते' लिहिलं की पैसे कुठे पाठवायचे ते. अशी ५० पर्यंत उत्तरं साठवता येतात, तुम्हाला सात-आठ लागतील. प्रत्येक उत्तर मराठीत आणि हिंदीत, असं दोनदा साठवा. आपल्या बाजारात अर्धा व्यवहार हिंदीत चालतो, हे आपण सगळे जाणतो. टाइप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून बोला, मराठी आता बऱ्यापैकी नीट उमटतं. नावं आणि आकडे मात्र पाठवण्याआधी वाचून घ्या.

चौथी आणि माझ्या मते सगळ्यात कामाची, लेबलं. प्रत्येक चॅटला रंगीत खूण लावता येते. ॲपमध्ये 'नवी ऑर्डर', 'पैसे बाकी' अशा अर्थाची काही आधीच असतात, ती काढून आपली लावा. बुटीकची लेबलं अशी होतील: माप घेतलं, कापड आलं, कटिंग झालं, शिवून तयार, पैसे बाकी. संध्याकाळी 'शिवून तयार' उघडलं की सगळी नावं एका खाली एक दिसतात, त्यांना 'ब्लाऊज तयार आहे, आठपर्यंत दुकान उघडं' हा साठवलेला मेसेज पाठवायचा. लग्नसराईत वहीची पानं उलटत बसण्यापेक्षा हे सोपं पडतं. काम झालं की लेबल बदला. लेबल न बदलणं हीच इथली एकमेव गोम आहे. आठ दिवस आळस केला की सगळी यादी खोटी होते आणि माणूस पुन्हा वहीकडे वळतो.

कॅटलॉगही आहे, त्यात ५०० पर्यंत वस्तू फोटो आणि किमतीसह टाकता येतात. साड्या, भेटवस्तू, संत्रा बर्फीचे डबे विकणाऱ्याला तो उपयोगी. सेवा देणाऱ्याने त्यात डोकं घालू नये, साठवलेलं दरपत्रक पुरतं. फोटो काढताना एकच काळजी: दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली साडीचा रंग वेगळा येतो आणि मग 'फोटोत तर वेगळी होती' म्हणत माल परत यायला लागतो. सकाळी दाराजवळ, उघड्या उजेडात काढा.

ब्रॉडकास्टबद्दल, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवण्याबद्दल, एक सावधगिरी. एका यादीत २५६ लोक बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून बिल देताना 'नंबर सेव्ह करून ठेवा' असं सांगायची सवय लावा. आणि रोज 'शुभ सकाळ' पाठवू नका. लोक कंटाळून ब्लॉक करतात, आणि खूप जणांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं तर नंबर बंद पडायची वेळ येते. हंगामात एकदा, कामाचं असेल तेच.

ऑर्डर तोंडी घेतली तरी लेखी करा

फोनवर बोलणं झालं की त्याच मिनिटाला एक मेसेज टाकायचा. या सवयीइतकी भांडणं कमी करणारी दुसरी गोष्ट मी पाहिली नाही. डब्याची ऑर्डर समजा:

'ठरल्याप्रमाणे: शनिवारी दुपारी १ वाजता, ४० डबे. दोन भाज्या, वरण-भात, चार पोळ्या, एक गोड. डबा १२० रुपये, एकूण ४८००. ॲडव्हान्स २००० आले, बाकी २८००. पोचवणे: त्रिमूर्ती नगर. बरोबर असल्यास "हो" लिहा.'

समोरच्याचं 'हो' आलं की ऑर्डर पक्की. नंतर 'मी तर पन्नास सांगितले होते' याला जागा राहत नाही. त्या मेसेजला बोट दाबून धरून पिन करा, म्हणजे चॅटमध्ये वरच राहतो.

गिऱ्हाईक व्हॉइस नोट पाठवत असेल तर पाठवू द्या. लांब मजकूर लिहिण्यापेक्षा बोलणं लोकांना बरं वाटतं. पण ऑर्डर तुम्ही अक्षरात उतरवून परत पाठवायचीच. गर्दीच्या वेळी दोन मिनिटांची व्हॉइस नोट तीनदा ऐकायला कोणाला सवड असते?

एक खेप वाचवणारा व्हिडिओ कॉल

कुलरवाल्याकडे परत जाऊ. मानेवाडा रोडला राहणाऱ्या मिस्त्रीला कोराडी रोडवरून बोलावणं आलं. तिथे जाऊन बघितलं तर पंप गेलेला, आणि पंप सोबत नाही. परत दुकान, परत तिकडे. अर्धा दिवस आणि पेट्रोल गेलं.

निघण्याआधी दोन मिनिटांचा व्हिडिओ कॉल करा. 'काकू, आधी प्लग काढा, मग मागची जाळी काढा. आता प्लग लावा, हात बाजूला घ्या आणि बटण सुरू करा. पंखा फिरते का? आता प्लग काढून हाताने फिरवून पाहा बरं.' हाताने ढकलल्यावर फिरला तर बहुतेक कंडेन्सर गेलेला, मुळीच हलत नसेल तर मोटार जाम. पंखा चालतो आणि वरून पाणी पडत नाही, तर पंप किंवा नळी. (जाळी काढायला किंवा पंख्याला हात लावायला सांगण्याआधी प्लग काढायला सांगा आणि हात बाजूला झाल्यावरच बटण सुरू करवा. कुलरमध्ये करंट उतरण्याचे प्रकार उन्हाळ्यात काही नवे नाहीत.) मोटारीवरच्या पट्टीचा फोटो मागवला तर मापही कळतं. आता जो माल लागेल तो घेऊनच निघायचं, अंदाजे खर्च आधीच सांगून.

आरओ, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, नळ दुरुस्तीवाल्यांना हेच लागू. फर्निचरवाल्याने खोलीचा व्हिडिओ मागवावा. शिंप्याने मात्र माप व्हिडिओवर घेऊ नये.

निघालात की लाइव्ह लोकेशन पाठवा, तासाभराचं. 'निघाले का' हा फोन येत नाही.

गुगल नकाशावर दुकान

गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. कोणी फोन करून 'गुगलवरून बोलतो, नोंदणीचे इतके हजार भरा' म्हटलं तर ठेवून द्या. नोंदणीत दुकानाची खातरजमा बहुतेक वेळा व्हिडिओने होते: बाहेरचा रस्ता, बोर्ड, आतलं सामान, आणि दुकान तुमचंच आहे हे दाखवणारी एखादी गोष्ट, म्हणजे किल्लीने कुलूप उघडणं किंवा बिलबुक.

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नकाशावरची खूण. दाट वस्तीत ती मागच्या गल्लीत पडते. शहीद चौकातून आत आलेला माणूस भलत्याच बोळात शिरतो आणि तिथून तुम्हाला फोन लावतो. खूण बोटाने सरकवून बरोबर दारावर आणा आणि मग एखाद्या भाच्याला नकाशा लावून यायला सांगा.

सणाच्या दिवसांची वेळ आधीच बदलून ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, तेव्हा इतवारी-महालात गाडी शिरत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या आसपास रस्ते बंद असतात आणि गर्दीने नेटवर्कही रडतं. बाहेरगावचं गिऱ्हाईक नकाशावर 'उघडं आहे' पाहून येतं आणि हात हलवत परत जातं. पुढच्या वेळी ते कुठे जातं, हे सांगायला नको.

रिव्ह्यू विकत घेऊ नका. काम चांगलं झालं की लिंक पाठवून सरळ मागा. वाईट रिव्ह्यू आला तर दोन ओळींत, शांतपणे उत्तर द्या. ते उत्तर त्या एका माणसासाठी नसतं, पुढे वाचणाऱ्यांसाठी असतं.

पैसे: स्कॅनर लावला म्हणजे झालं नाही

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं आणि आता पोहेवाल्याच्या ठेल्यावरही स्कॅनर असतो, त्यामुळे तो कसा लावायचा हे सांगत बसत नाही. तीन गोष्टी सांगतो.

धंद्याचं खातं वेगळं ठेवा आणि स्कॅनर व्यापारी प्रकारचा घ्या, त्यावर दुकानाचं नाव येतं. घरच्या खात्यात मेहुण्याने परत केलेले उसने आणि गिऱ्हाइकाचे पैसे एकत्र झाले की वर्षाच्या शेवटी विक्री किती, हे तुम्हालाच सांगता येत नाही. जीएसटी नोंदणीची मर्यादा आपल्याकडे मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाख आणि सेवेला २० लाख उलाढाल अशी आहे. रोख आणि ऑनलाइन दोन्ही त्यात धरतात. 'रोखीचं कोण मोजतं' हा सल्ला देणाऱ्या माणसाला नोटीस येत नाही, तुम्हाला येते.

साउंडबॉक्स घेण्याआधी त्याचं महिन्याचं भाडं विचारा. गर्दीचा काउंटर असेल तर ते भाडं वसूल होतं, कारण स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणारे लोक आहेत. दिवसाला पाच-सहा गिऱ्हाइकं असतील तर बँकेचा मेसेज पाहणं पुरतं. गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी खूण हा पैसे आल्याचा पुरावा नाही. आपल्या खात्यात आले, तर आले.

तिसरी गोष्ट फसवणुकीची, आणि ती जरा सविस्तर सांगायला हवी. एक प्रकार नागपुरात सहज पचतो, कारण इथे कामठीला छावणी आहे आणि वायुसेना नगरही आहे. फोन येतो: 'मी फौजेतून बोलतोय, युनिटसाठी साठ डबे पाहिजेत.' किंवा दहा कुलर, किंवा मिठाई. बोलणं अदबीचं, भावाची घासाघीस नाही. ओळखपत्राचा फोटोही येतो. मग: 'आमच्याकडे पेमेंटची पद्धत वेगळी आहे, हा स्कॅनर स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.' पिन टाकला की पैसे जातात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही. वर्दीचं नाव ऐकून माणूस प्रश्न विचारायला संकोचतो, त्याचाच हे लोक फायदा घेतात. खरं गिऱ्हाईक असेल तर ॲडव्हान्स तुमच्या स्कॅनरवर पाठवेल.

दुसरा प्रकार, व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका किंवा चलान, जी फोटो किंवा पीडीएफ नसून एपीके फाइल असते. ती उघडून ॲप बसवलं की फोनचा ताबा जातो. दुकानाच्या फोनवर ज्याला त्याला फाइल उघडू देऊ नका. आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

ठोक माल, बिल्टी आणि उधारी

नागपूरचा ठोक माल भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ, शिवाय छिंदवाडा, बालाघाट, सिवनीपर्यंत जातो. तिकडच्या दुकानदाराला फक्त दोन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: माल निघाला का, आणि किती नग. ट्रान्सपोर्टमध्ये गठ्ठे टाकले की तिथेच बिल्टीचा फोटो काढा, खाली तारीख, नग आणि ट्रान्सपोर्टच्या इथल्या ऑफिसचा फोन लिहून पाठवा. फोटो असा काढा की बिल्टी नंबर वाचता येईल. घडी पडलेल्या गुलाबी कागदाचा अंधुक फोटो पाठवून काही साधत नाही. बंद गठ्ठ्यांचाही एक फोटो, वरची खूण दिसेल असा. नग कमी पोचला तर वाद ट्रान्सपोर्टशी होतो, तुमच्याशी नाही. मध्य प्रदेशात ५० हजारांच्या वरचा माल जाणार असेल तर ई-वे बिल (जीएसटी पोर्टलवरचा माल वाहतुकीचा कागद) आधी काढा आणि त्याची प्रतही त्याच चॅटमध्ये टाका.

बिलासाठी आणि उधारीसाठी फोनवर चालणारी ॲप आहेत, खाताबुक आणि व्यापार ही नावं तुम्ही ऐकली असतील. उधारी लिहायला ती छान. पण त्यातल्या आपोआप जाणाऱ्या आठवणीच्या मेसेजबद्दल माझं मत वेगळं आहे. वीस वर्षांच्या गिऱ्हाइकाला, घरी दुःखाचा प्रसंग असताना, 'आपल्याकडे ३४५० रुपये बाकी आहेत' असा मशीनचा मेसेज गेला तर ३४५० येतील, गिऱ्हाईक जाईल. नव्या लोकांसाठी ती सोय चालू ठेवा, जुन्यांसाठी बंद करा आणि स्वतः फोन करा. सगळंच मशीनवर टाकायचं नसतं. ॲप काहीही वापरा, आठवड्यातून एकदा यादी एक्सेल किंवा पीडीएफमध्ये काढून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.

कारखान्यांना माल देत असाल तर ईमेल

हिंगणा, बुटीबोरीच्या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग किंवा सेवा देणाऱ्यांनी हा भाग वाचावा, बाकीच्यांनी सोडला तरी चालेल.

परचेसवाले साहेब व्हॉट्सॲपवर 'दोनशे नग पाठव, पीओ (लेखी खरेदी ऑर्डर) नंतर देतो' म्हणतात आणि आपण पाठवतो. सहा महिन्यांनी साहेब बदलतात. त्यामुळे त्याच दिवशी एक ईमेल: 'आपल्या आजच्या निरोपाप्रमाणे अमुक नग, अमुक दराने, अमुक तारखेला पाठवत आहोत. पीओ कळवावा.' मालाच्या चलानची पोच घेतली की तिचा फोटोही त्याच ईमेलच्या उत्तरात जोडा, म्हणजे सगळा इतिहास एका ओळीत राहतो.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसेल तर करून घ्या. सरकारी पोर्टलवर ती मोफत आहे, आधार आणि पॅन लागतं. एजंटला पैसे द्यायची गरज नाही. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उत्पादक आणि सेवा देणारे यात येतात. १ एप्रिल २०२४ पासून तर उशीर झाल्यास खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च आयकरात वजा दाखवता येत नाही, त्यामुळे मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करू लागले आहेत. बिलावर उद्यम क्रमांक छापा. पैसे अडलेच तर छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, आणि तिथे पीओ, बिल, पोच, ईमेल हेच उपयोगी पडतात.

दुकानात दोन-तीन जण असतील तर

व्हॉट्सॲप बिझनेसचा एक नंबर मुख्य फोनशिवाय आणखी चार ठिकाणी जोडता येतो. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर जोडा, मोठ्या कीबोर्डवर उत्तरं भराभर जातात. कोण कुठल्या वेळी उत्तर देणार ते ठरवा, नाहीतर एकाच गिऱ्हाइकाला दोघांकडून दोन भाव जातात. मुलगा काम सोडून गेला की त्याच संध्याकाळी 'जोडलेली उपकरणं' उघडून त्याचा फोन काढून टाका. हे हमखास राहून जातं.

फोन हरवला, बिघडला, चोरीला गेला

धंदा फोनवर चढवला की फोन जाणं म्हणजे दुकानाचं शटर पडणं. तयारी आज करायची आहे. व्हॉट्सॲपचा बॅकअप रोजचा लावा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून सहा आकडी पिन ठेवा, तो जन्मतारखेचा नको. कोणीही, अगदी ओळखीच्या नंबरवरून, 'चुकून तुला कोड आला, पाठव' म्हटलं तरी कोड द्यायचा नाही.

फोनवर *#०६# दाबा. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, दिसेल, दोन सिमच्या फोनमध्ये दोन. तो उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहा, सोबत सिम कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक, बँकेचा यूपीआय बंद करायचा क्रमांक आणि १९३०. फोन गेला तर क्रम असा: आधी सिम बंद, मग बँकेला कळवून यूपीआय बंद, मग पोलिसांत तक्रार, आणि त्या तक्रारीची प्रत जोडून दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर तो आयएमईआय ब्लॉक. त्याच नंबरचं नवं सिम मिळालं की दुसऱ्या फोनवर बॅकअपमधून चॅट परत येतात, लेबलं तपासून घ्या. ज्या ऑर्डर त्या दिवशीच्या होत्या त्यांना मात्र घरच्या फोनवरून कळवावं लागतं, म्हणून चालू ऑर्डरींची यादी रोज रात्री एका कागदावर उतरवून गल्ल्यात ठेवा.